पोकर: बबलवर राण्यांची जोडी फ्लॉपआधीच टाकली. टाकायला हवी होती का?

ठाण्याचा_इस्पिक:

मंडळी, पोकरचा एक हात मांडतोय. राण्या फ्लॉपआधीच, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं उघडण्याआधीच, सोडल्या. मेव्हण्याशी यावरून रोज जुंपते आणि बायकोने आता जेवणाच्या टेबलावर पत्त्यांचा विषय बंद केलाय, म्हणून इथे.

गेल्या महिन्यात पणजीला मांडवीतल्या एका बोटीवर टूर्नामेंट खेळलो. (२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर ॲपवरचा पैशांचा पोकर बंद झाला. त्यामुळे आमचा ग्रुप घरी नुसत्या चिप्सवर खेळतो, आणि सवड मिळाली की गोवा.) नऊ जणांचं टेबल. ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघण्याआधी घालायची सक्तीची रक्कम) ५००-१०००, वर बिग ब्लाइंडची १००० अँटी. ३१ जण उरलेले, बक्षीस २७ जणांना. म्हणजे बबल: आणखी चार जण गेले की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस. माझ्याकडे ४२,००० चिप्स, म्हणजे ४२ बिग ब्लाइंड. टेबलावर दोघंच माझ्याहून मोठे.

यूटीजीला (ब्लाइंडनंतरची, सर्वांत आधी बोलणारी जागा) एक काका. पांढरा सदरा, चष्म्याला दोरी, बायकोचा फोन आला की "संपतच आलंय" म्हणून ठेवायचे. ब्रेकनंतर त्यांनी एकही हात खेळला नव्हता. त्यांनी रेझ करून (रक्कम वाढवून) २५०० केले. दोघं फोल्ड (पत्ते टाकून हात सोडला). मग हेडफोनवाला एक पोरगा, स्टॅक (जवळच्या चिप्स) ३८,०००, त्याने ८००० केले. त्याच्या पुढचा फोल्ड. कटऑफला (बटनच्या, म्हणजे डीलरच्या जागेच्या, आधीची जागा) मी. कोपरा उचलून पाहिलं तर बदाम राणी, किलवर राणी.

अर्धा मिनिट विचार केला आणि पत्ते सरकवले, म्हणजे फोल्ड.

बटन आणि दोन्ही ब्लाइंड फोल्ड. काका ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे), साधारण ३५,०००. पोराने त्याच क्षणी कॉल केला (तेवढेच घातले). काकांकडे इस्पिकचे एक्का-राजा, पोराकडे गुलामांची जोडी. फ्लॉपवर पहिलंच पान चौकट राणी, मग सत्ता, दुर्री. पुढची दोन पानं किरकोळ. गुलामांनी सगळा पॉट नेला. मेव्हणा रेलिंगपाशी उभा होता. तो काय म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही.

माझं म्हणणं असं: तास तास गप्प बसलेला माणूस पहिल्या जागेवरून रेझ करतो. त्याच्या डोक्यावर दुसरा माणूस पुन्हा चढवतो. आणि बक्षिसाला चारच माणसं कमी आहेत. अशा वेळी राण्या म्हणजे टेबलावरचा सर्वोत्तम हात असं मी मानायला तयार नाही. मेव्हण्याचं म्हणणं: "वर्षातून एकदा गोव्याला येतोस, राण्या येतात, आणि तू त्या टाकतोस? मग खेळतोस कशाला, क्रूझ बघून परत ये." तो दिवाळीत तीन पत्तीही असाच खेळतो, जोडी दिसली की चालीवर चाल.

कोणाचं बरोबर? आणि एकूणच, सुरुवातीचा भारी हात कधी टाकायचा हे तुम्ही कशावरून ठरवता? (पुढे मी बक्षिसात आलो. पण त्याचा या हाताशी संबंध नाही, ते बाजूला ठेवा.)


चौकट_पंजा:

फ्लॉपवर राणी आली म्हणजे टाकायला नको होती. पुढच्या वेळी आधी फ्लॉप बघून घ्या आणि मग ठरवा.


सदाशिव_पेठी_आकडेमोड:

वरच्या सदस्यांनी गमतीत लिहिलंय, पण तुमचे मेव्हणे नेमकं हेच गांभीर्याने म्हणताहेत. तेव्हा निकाल आधी पुसून टाका. तुम्ही पत्ते सरकवलेत तेव्हा ती चौकट राणी डेकमध्ये होती.

इथे कॉल हा पर्याय मी धरतच नाही. ८००० घालून फ्लॉप पाहायचा, आणि राण्या हातात असताना फ्लॉपवर एक्का किंवा राजा येण्याची शक्यता ४१ टक्के. मागे काका अजून बोलायचे आहेत. म्हणजे एकतर ऑल-इन, नाहीतर फोल्ड.

ऑल-इनचा हिशोब करू. क्षणभर काका नाहीतच असं समजा. पोरापुढे तुम्ही ३८,००० लावणार. त्याने कॉल केला तर पॉट होतो ३८ अधिक ३८, काकांचे अडीच, ब्लाइंडचे दीड, अँटीचा एक, असे ८१ हजार. ३८ भागिले ८१ म्हणजे ४७ टक्के. इतक्या वेळा जिंकलात तर बरोबरी.

आता समोर काय असू शकतं? तुमच्या हातात दोन राण्या असताना एक्क्यांची जोडी ६ प्रकारे बनते, राजांची ६ प्रकारे, एक्का-राजा १६ प्रकारे, उरलेल्या राण्यांची एकाच प्रकारे, गुलामांची ६ प्रकारे. एक्के किंवा राजांपुढे तुमच्या राण्या जेमतेम १८-१९ टक्के जिंकतात. एक्का-राजापुढे ५६ च्या आसपास. गुलामांपुढे ८१.

पोरगा इतका घट्ट असेल की राण्यांच्या खाली असं करतच नाही, तर तुमची इक्विटी (जिंकण्याचा सरासरी वाटा) ४० टक्के. फोल्ड. गुलामही धरले तर बरोबर ४७, म्हणजे नाणं उभं राहिलं. दश्श्यांपर्यंत उतरला तर ५२ आणि ऑल-इन. बघा, तुमचे पत्ते तिन्ही वेळा तेच आहेत. उत्तर बदललं ते पोराच्या दोन जोड्यांमुळे.

आता काकांना परत आणा. तुमच्या वर्णनातले काका राण्यांपासून वर आणि एक्का-राजा एवढंच खेळतात असं धरू. पोरगा गुलामांपासून वर आणि एक्का-राजा. दोघांच्या सगळ्या जोड्या लावून पाहिल्या, एकमेकांचे पत्ते वजा करून. दोघांपैकी निदान एकाकडे एक्के किंवा राजे असण्याची शक्यता ५७ टक्के निघते. निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही चिरडले जाणार. हा माझा तुमच्या बाजूचा मुद्दा.

मेव्हण्यांच्या बाजूचा मुद्दाही देतो, नाहीतर ते म्हणतील सदाशिव पेठेने पक्षपात केला. प्रत्यक्षात समोर एक्का-राजा आणि गुलाम होते. त्या दोघांपुढे तुमच्या राण्या निम्म्यापेक्षा कमी वेळा जिंकतात, तरीही तो ऑल-इन चिप्समध्ये मोठा फायद्याचा होता, कारण पैसे तिघांचे. तीन वाटे असलेल्या पॉटमध्ये बरोबरीला एक तृतीयांशच लागतं. पत्ते उघडे असते तर मीही तुम्हाला फोल्ड करू दिलं नसतं. पण पत्ते उघडे नव्हते, हाच तर खेळ आहे.


मांडवीकाठचा_डीलर:

मी सावंतवाडीचा. बरीच वर्षं बोटीवर पत्ते वाटले, आता घरी काजूची बाग बघतो. आकडे पेठेतल्या सरांनी दिले, ते बरोबरच असतील. मी माणसांबद्दल सांगतो.

असले काका प्रत्येक शनिवारी असायचे. त्यांच्या रेझचा आकार बघायचा. गप्प माणसाकडे गुलाम किंवा दश्श्या आल्या की तो घाबरतो. फ्लॉपवर मोठं पान पडेल म्हणून चारपट, पाचपट लावतो, की सगळ्यांनी इथेच फोल्ड करावं. आणि एक्के आले की त्याला कोणी फोल्ड करायला नको असतं, म्हणून नेहमीचे अडीच. तुमच्या काकांनी अडीच लावले. यावरून मी राण्या टाकल्या नसत्या, पण कान टवकारले असते.

दुसरं म्हणजे, फ्लॉपआधीच्या राण्यांवर लोक इतकं भांडतात, पण मी स्टॅक जाताना पाहिले ते बहुतेक फ्लॉपनंतर. घरगुती सवयीने आलेले खेळाडू. एक जण एक्के लपवून नुसता कॉल करतो. मागून चौघं पाच जण स्वस्तात आत येतात. पाच कोणत्याही हातांपुढे एक्के निम्म्याहूनही किंचित कमी वेळा टिकतात. एकाच हातापुढे हेच एक्के ८५ टक्के जिंकतात. माणसाला आठवतो तो ८५ वाला आकडा, आणि तो खेळतो पाच जणांशी. फ्लॉप पडतो नऊ-आठ-सहा, दोन एकाच रंगाचे, कोणीतरी रेझ करतो, आणि हा बोटांनी पत्ते दाबून बसलेला. डीलरच्या जागेवरून दिसतं, त्याला कळलेलं असतं. तरी कॉल करतो. वर मला विचारतो, "भाऊ, हे कसले पत्ते वाटता?" मी काय सांगणार, मला मान हलवायचीही परवानगी नव्हती.

माझा धडा एवढाच होता: संध्याकाळभर चेक-कॉल करणारा (स्वतः पैसे न लावता फक्त दुसऱ्याचे झेलणारा) माणूस रिव्हरला (शेवटच्या पानावर) चेक करून मग रेझ करतो, तेव्हा तुमच्या हातातली जोडी, मग ती एक्क्यांची का असेना, बोर्डने (टेबलावरच्या उघड्या पानांनी) मदत केली नसेल तर टाकावी. तो माणूस ब्लफ करत नाही. त्याला ब्लफ करायला जमत असतं तर आधीच्या चार तासांत एकदा तरी केलं असतं.


एडिसनकर_ताई:

न्यू जर्सीत कायदेशीर आहे म्हणून मी अटलांटिक सिटीला अधूनमधून टूर्नामेंट खेळते, आणि बबलबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून मध्ये पडते.

आकडेमोडवाल्यांचे ४७ टक्के हे चिप्सचे आहेत. बबलवर चिप्स आणि पैसे एक नसतात. दुप्पट चिप्स झाल्या म्हणून तुमच्या बक्षिसाची किंमत दुप्पट होत नाही. पण सगळ्या गेल्या तर किंमत शून्य होते. यालाच आयसीएम म्हणतात. २७ जणांना बक्षीस, ३१ उरलेले, तुमचा स्टॅक बरा, कुठेतरी दुसऱ्या टेबलावर पाच-सहा ब्लाइंडवाले श्वास मोजत बसलेले. अशा जागी ४७ पुरत नाहीत. पन्नाशीच्या बरंच वर काहीतरी हातात हवं. त्या पोराकडे तुमच्याहून थोडेच कमी होते, म्हणजे हरलात तर चार ब्लाइंड हातात राहतात. तिथून बक्षीस मिळेलही, पण शेवटी बसलेल्यासारखं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी सॅटेलाइटचा विचार करून बघा. सॅटेलाइटमध्ये बक्षीस म्हणजे मोठ्या टूर्नामेंटची तिकिटं, सगळी सारखी. ख्रिस मनीमेकर २००३ ला अशाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला पोचला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला, तेव्हापासून जगाला सॅटेलाइटचं वेड. समजा तिकिटं दहा, खेळाडू उरले अकरा. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर, आणि एकाकडे एका ब्लाइंडपेक्षा कमी चिप्स. पहिल्या क्रमांकाचा माणूस तुमच्यावर ऑल-इन करतो. तुम्हाला एक्के येतात. टाकायचे! पत्ते न बघता टाकायचे म्हटलं तरी चालेल. कॉल केलात तर त्याच्याकडे काहीही असलं तरी पंधरा टक्क्यांच्या आसपास तिकीट गमावण्याचा धोका, आणि जिंकलात तर जास्तीचं काय मिळतं? काहीच नाही, तिकीट एकच. टाकलेत तर दोन मिनिटांत तो छोटा स्टॅक ब्लाइंडमध्ये संपतो.

तेव्हा "भारी हात" असं काही वेगळं नसतंच. मेव्हण्यांना सॅटेलाइट खेळायला लावा.

बाकी, काही वेळा टाकता येतच नाही हेही सांगते, नाहीतर लोक उद्यापासून सगळंच टाकायला लागतील. २०१७ चा मेन इव्हेंट, सुरुवातीचाच तास. वनेसा सेल्ब्स्ट, तेव्हा तीन ब्रेसलेट (वर्ल्ड सिरीजमधल्या विजयाचं कडं) तिच्या नावावर. हातात एक्के. फ्लॉप एक्का-सत्ता-पंजा, टर्नला (चौथ्या पानावर) आणखी एक सत्ता. फुल हाउस झालं, तीन एक्के आणि दोन सत्त्या. समोर गाएल बाउमन, तिच्याकडे सत्त्यांची जोडी. चार सत्त्या! दहा हजार डॉलरची प्रवेश फी आणि तासाभरात बाहेर. त्या बोर्डवर तिला हरवणारा हात जवळजवळ एकाच प्रकारे बनत होता. ते पाहून कोणी म्हणालं की तिने टाकायला हवे होते, तर मी हसेन.


ठाण्याचा_इस्पिक:

सगळ्यांचे आभार. मेव्हण्याला धागा दाखवला. त्याने फक्त "पत्ते उघडे असते तर" एवढीच ओळ वाचली आणि स्क्रीनशॉट घेतला.

एक गोष्ट विचारायची राहिली. तो हेडफोनवाला पोरगा आमच्या टेबलावर आल्यापासून बराच रेझ करत होता. दोनदा तरी दुसऱ्याच्या रेझवर पुन्हा चढवलं होतं, आणि एकदा एक्का-नव्वी उघडी करून दाखवली होती, मुद्दाम, हसत. याने काही फरक पडतो का?


सदाशिव_पेठी_आकडेमोड:

फरक पडतो का म्हणजे? साहेब, काकांच्या चष्म्याची दोरी पहिल्या पोस्टमध्ये आहे आणि एक्का-नव्वी नाही!

एक्का-नव्वी दाखवणारा पोरगा दश्श्यांवर थांबत नाही. अशा माणसापुढे पोराविरुद्धची तुमची इक्विटी ५२ च्या वर जाते. शिवाय तो निम्म्या हातांवर फोल्ड करेल, आणि काकाही फोल्ड झाले तर तुम्हाला पत्ते न दाखवता १३,००० मिळतात. तुमच्या स्टॅकच्या जवळपास एक तृतीयांश. टूर्नामेंटच्या सुरुवातीला हा हात मी डोळे मिटून ऑल-इन केला असता.

पण तो काकांवर चढवत होता, हे विसरू नका. एक्का-नव्वी त्याने कोणाच्या रेझवर दाखवली होती? बटनवरून कोणी सैल रेझ केला असेल तर ती वेगळी गोष्ट. गप्प काकांच्या यूटीजी रेझवर असं करायला हेडफोनवाल्यांनाही थोडी लाज वाटते. माझ्या अंदाजाने बबलवर हा हात काठावर आहे, आणि काकांमुळे मी फोल्डकडे झुकतो. ताई काय म्हणतात?


एडिसनकर_ताई:

फोल्ड. मागे काका नसते आणि पोराने थेट रेझ केला असता, तर ऑल-इन. काकांचं काय होणार ते तुमच्या हातात नव्हतं.

आणि दादा, मेव्हण्याला सांगा, स्क्रीनशॉटमध्ये त्याच्या खालची ओळ कापली गेलीये.


नवखा_नाशिककर:

मध्येच विचारतो, माफ करा. राण्यांचं समजलं. राजांचं काय? फ्लॉपआधी राजे टाकायचे असतात का कधी? आमच्या ग्रुपमध्ये एक जण म्हणतो की खरा खेळाडू राजे टाकतो.


मांडवीकाठचा_डीलर:

तुमच्या ग्रुपमधल्या माणसाने बहुतेक एखादा व्हिडिओ पाहिला असेल.

नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे राजे असताना कोणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता पंचविसात एक. बाकी चोवीस वेळा फ्लॉपआधी तुमचाच हात सर्वांत मोठा किंवा बरोबरीचा. सॅटेलाइटचं ताईंनी सांगितलं, ते सोडून द्या. बाकी साध्या टूर्नामेंटमध्ये, चाळीस-पन्नास ब्लाइंड असताना, राजांवर सगळा स्टॅक घालायचा. एक्के निघाले तर निघाले, उठायचं, किनाऱ्यावर नेणारी फीडर बोट पकडायची.

टाकायचे ते फक्त एका जागी मला पटतात. कॅश गेम (टूर्नामेंट नव्हे, थेट पैशांचा खेळ), दोघांकडेही खूप खोल स्टॅक, दोनशे-तीनशे ब्लाइंड. समोर असा माणूस की ज्याला तुम्ही महिनोन्‌महिने ओळखता, आणि तो रेझवर रेझ, त्यावर पुन्हा रेझ, आणि पाचव्यांदाही थांबत नाही. तिथे माझ्या टेबलावर एका म्हातारबाने राजे उघडे करून टाकले होते. समोरच्याने एक्के दाखवले. टेबल टाळ्या वाजवायला लागलं. त्याच म्हातारबाने पुढच्या तासात नव्व्यांवर सगळा स्टॅक घातला, तेव्हा कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

फ्लॉपवर एक्का पडला तर काय, हे नाशिककर पुढे विचारतीलच, म्हणून आधीच सांगतो. ते साडेबावीस टक्के वेळा होतं. एकच माणूस समोर असेल तर घाबरून लगेच टाकू नका, समोरच्याने लावलेली एक लहान रक्कम झेला. तीन जण समोर असतील आणि दोघांनी पैसे घातले असतील, तर राजे सरकवा आणि चहा मागवा.


चौकट_पंजा:

चहा फुकट असतो का बोटीवर?


मांडवीकाठचा_डीलर:

खेळत असाल तर हो.